कारंज्याहून परत येताना

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. बायकोला सांगितली नाही — तिला माझ्या बनियनची भोकंसुद्धा पाठ होती, पण हे न कळताच ती गेली. मित्रांना सांगितली नाही. मुलांना सांगायचा तर प्रश्नच नव्हता. मुलांसमोर बापाला थोडं उंच बसायची सवय लागते. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही माझे कोणी लागत नाही. आणि — बोलायला बसलोच आहे तर — मला आता याचा कंटाळा आला आहे. लपवण्याचाही कंटाळा येतो, माहीत आहे? आधी भीती वाटते, मग लाज वाटते, मग सवय होते. शेवटी नुसता शीण उरतो, दिवसभर उन्हात बैलांमागं डवरा धरल्यावर येतो तसा.

कुठून सुरू करू? सायकलीपासून करतो. सायकलीवर मी कितीही वेळ बोलू शकतो. मुद्द्यावर यायला मला वेळ लागेल, हे आधीच सांगून ठेवतो.

आमचं गाव कामरगाव. तेव्हा जिल्हा अकोला होता, वाशीम फार नंतर झालं. घरात आम्ही तिघं — बाप, मी आणि माझ्या पाठची बहीण वच्छला. माय आम्ही लहान असतानाच गेली. मायची एकच गोष्ट बाप पुन्हा पुन्हा सांगायचा. छप्पनच्या दसऱ्याला ती नागपूरला दीक्षेला निघाली तेव्हा मी बापाच्या खांद्यावर होतो आणि वच्छला मायच्या पोटात होती. बडनेऱ्यापर्यंत ती पायी चालली. पाय सुजले, लोक म्हणाले बाई बैलगाडीत बस, ती बसली नाही. बाप हे सांगायला लागला की वच्छला हातातलं काम टाकून ऐकायची. मी उठून बाहेर जायचो, कारण त्या गोष्टीत मी नुसता खांद्यावरचा बोजा होतो.

वच्छला हुशार. मी मॅट्रिकला दोनदा आपटलो, तिसऱ्यांदा कसाबसा निघालो. ती पहिल्याच फटक्यात निघाली, अमरावतीला राहून मास्तरकीचं शिकून आली आणि त्याच पावसाळ्यात तिची ऑर्डर निघाली. दोन-अडीच कोसांवरच्या एका खेड्यातली शाळा. तिथले मास्तर निवृत्त होणार होते, दिवाळीनंतर हिनं हजर व्हायचं. आमच्या घरात सरकारी नोकरीचा कागद पहिल्यांदा आला, आणि तो माझ्या नावाचा नव्हता. मी तेव्हा काय करत होतो? अर्ज करत होतो. पानठेल्यावर उभा राहून देशाचं काय चुकतं ते सांगत होतो.

त्या खेड्याला एसटी जात नव्हती. बापाचं मन कच्चं होतं. तो नाही म्हणत नव्हता, पण हो म्हणायलाही त्याची जीभ वळत नव्हती. "रोजचं जानं-येनं हाय, ऊन हाय, पानी हाय. पोरीच्या जातीले झेपते काय?" एवढंच तो म्हणायचा. दुसरी कसलीच अडचण त्याला नव्हती. वच्छला म्हणायची, सायकल घेऊन द्या बाबा, मग पाहा. तिनं सायकल माझ्याच सायकलीवर शिकलेली, दांडीच्या खालून पाय घालून, कैची. गावातल्या पोरी शेण गोळा करायला जायच्या त्या वाटेवर ती माझी सायकल घेऊन पडायची, गुडघे फोडून घ्यायची आणि मला शपथ घालायची की बाबाला सांगू नको. ते मात्र मी कधी सांगितलं नाही. इमानदार होतो तेव्हा.

शेवटी बापानं पैसे दिले आणि सायकल घ्यायला आम्ही दोघं कारंज्याला गेलो. दुकानदारानं काळी कुळकुळीत नवी चोवीस इंची काढली, वर डायनामोचा दिवा. मी तर पाहतच राहिलो. तो जे काही बोलत होता ते माझ्याशीच बोलत होता, जणू वच्छला सोबत आणलेली पिशवी होती. ती मात्र कोपऱ्यात गेली. तिथं एक वापरलेली लेडीज सायकल उभी होती, बदली होऊन गेलेल्या कोण्या नर्सबाईची. तिनं मागचं चाक उचलून फिरवलं, कान देऊन ऐकलं. पुढचं चाक फिरवून रिम ब्रेकच्या रबराला कुठं घासते का ते पाहिलं. मग सीटवर हात ठेवून कमरेशी उंची मापली. "हे," म्हणाली.

मी तिला समजावत होतो. लेडीज सायकल घरात दुसऱ्या कोणाच्या कामाची नाही — बाप बसणार नाही, मी बसलो तर गाव हसेल, तिच्यावर पोतंही नीट राहणार नाही. वच्छला म्हणाली, "शाळेत मले जाचं हाय भाऊ, पोत्याले नाई." दुकानदार हसला. मीही हसलो, पण मला ते लागलं. एवढ्या साध्या गोष्टी लागायच्या मला. तुम्हाला वाटेल मी कारणं शोधतो आहे. नाही. मी कसा होतो तेवढंच सांगतो आहे.

आता नागपूरचं. दर दसऱ्याला आमच्याकडची माणसं दीक्षाभूमीवर जातात, मिळेल त्या गाडीनं. गावातले दौलतदादा, शिंपीकाम करायचे, आम्हा पोरांचे पुढारी होते. वच्छलाची ऑर्डर निघाली त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी टूम काढली की तरण्या पोरांनी सायकलीवर जायचं आणि मागून सामानाचा ट्रक न्यायचा. ट्रकात अंथरूण, पीठ, भांडी, पंप, पंक्चरचं सामान आणि म्हातारी माणसं. सगळ्यांचे पांढरे कपडे एका मोठ्या गाठोड्यात बांधून तेही ट्रकातच. वाटेत जुन्या कपड्यांत धूळ खात जायचं, नागपूर जवळ आलं की विहिरीवर आंघोळ करायची, पांढरे घालायचे आणि मग रांगेनं सायकली घेऊन शहरात शिरायचं. बेत सुंदर होता. पण झालं काय, अमरावती ओलांडायच्या आत निम्म्या पोरांचे पाय गळाले. त्यांनी सायकली ट्रकात टाकल्या आणि नागपुरात ते सामानावर बसून शिरले, अंगात पांढरे कपडे आणि हातात भाकरी. दौलतदादांची मान खाली गेली.

म्हणून त्या वर्षी त्यांनी सगळ्यांना जमवून नियम केला. ज्याला सायकलीवर यायचं आहे त्यानं आधी कारंज्याला जाऊन यायचं. बाजाराच्या दिवशी गावातून मुगाची पोती घेऊन ट्रक कारंज्याला जायचा, त्याच्या मागं दोघा-दोघांनी निघायचं, दिवस कलता त्याच्याच मागं परतायचं. ट्रकाची मागं लोंबणारी साखळी धरायची नाही, ट्रकात बसायचं नाही. जो बसला तो नागपूरलाही ट्रकातच बसणार. आणि वच्छला उभी राहून म्हणाली, मी येते.

थोडी कुजबुज झाली. एक-दोन म्हातारे म्हणाले, बायका ट्रकात बऱ्या, स्वयंपाकाला हात लागतात. दौलतदादांनी गळ्यातली टेप काढून पुन्हा घातली — ही त्यांची विचार करायची रीत — आणि म्हणाले, "नियम सायकलीचा हाय. कोन चालवते त्याचा नाई. जाऊन आली तं येईन." मग म्हणाले, सोबतीला उत्तमला घे. उत्तम म्हणजे मी.

ती कशी तयारीला लागली ते मी पाहत होतो. सायकल उलटी करून अंगणात मांडली. चाकं काढून आतल्या छर्ऱ्यांना ग्रीस भरलं. चेन रॉकेलनं धुतली. लुगडं चाकात जाऊ नये म्हणून मागच्या चाकाला जाळी बांधून घेतली. रोज सकाळी बाप शेतात गेला की ती धनजच्या वाटेला लागायची आणि घामाघूम होऊन परतायची. पांढरं पातळ आणलं होतं, त्याच्या निऱ्या कुठं टाचायच्या म्हणजे पॅडल मारताना आड येणार नाहीत ते करून पाहत होती. एकदा मला म्हणाली, "माय पायी गेली. मी सायकलवर जाईन. पांढरं नेसून शिरीन नागपुरात." ती असं कधी बोलायची नाही. मी काय म्हटलं असेल? काहीतरी चेष्टा केली असेल. माझी तयारी म्हणाल तर पानठेल्यावरच चालली होती. पोरगी जाते म्हटल्यावर मला काय अवघड, असं मी चारचौघांत म्हणून बसलो होतो.

बाजाराच्या दिवशी निघालो. ट्रक रहेमानचाचांचा. जाताना ठीक गेलं. वाटेतल्या गावांना पोती भरायला ट्रक थांबायचा, आम्ही गाठायचो. ती पुढं, मी मागं, पण फार मागं नाही. कारंज्यात मी दोन प्लेट भजी खाल्ली, वर बिडी ओढली. ती घरून आणलेली भाकर खाऊन झाडाखाली पडून राहिली.

परतताना वारा तोंडावर आला. आता पाहा, वारा कोणाच्या बापाचा नसतो, दोघांनाही सारखाच होता. पण पहिल्याच मोठ्या चढावर माझ्या मांड्या कडक झाल्या, भजी वर आली. मी रस्त्याच्या कडेला ओकलो. पुन्हा बसलो. थोडं गेल्यावर ट्रक हळू झाला तशी मी साखळी धरली. थोडं अंतर तसाच ओढला गेलो. मग हात सुटला आणि मी पडलो. रहेमानचाचांनी ट्रक थांबवला, उतरून आले, माझ्याकडे पाहिलं, मग पुढं चढावर उभ्या असलेल्या वच्छलाकडे पाहिलं. "बेटी तो चढ गई," एवढंच म्हणाले. त्यांनी आणि मी मिळून माझी सायकल वर टाकली. मी रिकाम्या पोत्यांवर आडवा झालो. आणि झोपलो. खरंच झोपलो मी.

जाग आली तेव्हा ट्रक थांबला होता. मैलाच्या दगडाजवळ, गाव पुढंच. वच्छला खाली उभी होती, सायकल मांडीला टेकवून. चेहरा लाल, केस मोकळे, पातळ चिखलानं भरलेलं. ट्रक तिनंच थांबवला होता. म्हणाली, "उतर भाऊ. इथून बस सायकलवर. गावात दोघं संग शिरू." मला उतरवेना. ती म्हणाली, "मी नाई सांगत कोनाले. माह्या गळ्याची शपथ." मग चाचांकडे वळून म्हणाली, "चाचा, तुमीबी नका सांगजा." चाचांनी मान हलवली आणि ट्रक पुढं नेला. आम्ही दोघं सोबत गावात शिरलो. माझ्यासाठी ती हळू चालवत होती. पानठेल्यावरच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी हात वर केला.

इथवर आलो. हे सांगायलाही मला लाज वाटते, पण एवढंच असतं तर हा हसण्यावारी नेण्याचा किस्सा झाला असता, नाही का? दसऱ्याला जेवताना सांगितला असता, मीच पोट धरून हसलो असतो. पुढचं हसण्यासारखं नाही.

दोन-चार दिवसांनी दौलतदादा घरी आले. बाप ओट्यावर चऱ्हाट वळत बसला होता. मी शेजारी होतो. वच्छला दारात सूप घेऊन ज्वारी पाखडत होती. दौलतदादा बसले, पाणी प्यायले आणि मला म्हणाले, "उत्तम, एक खरं सांगजो. चढावर वावरात एक मानूस होता. त्यानं लांबून पाह्यलं म्हने, सायकल ट्रकात टाकताना. कोनाची ते त्याले दिसलं नाई, अन् रहेमानचाचा काई सांगत नाई. तुमच्या दोघातलं एक जन ट्रकात होतं. कोन होतं?"

रागानं नाही विचारलं. अगदी साधं विचारलं. मी 'मी होतो' म्हटलं असतं तर काय झालं असतं? काही नाही. पोरांनी महिनाभर चिडवलं असतं. मी ट्रकात बसून नागपूरला गेलो असतो, कांदे चिरले असते. एवढंच. एवढ्याचीच मला भीती वाटली.

मी म्हणालो, "वच्छी होती."

सूप थांबलं. मी तिकडं पाहिलं नाही. आणि मग — हे मी कुठून आणलं, मला आजही कळत नाही — मी आवाज खाली घेऊन म्हणालो, "पोटात दुखत होतं तिच्या."

तुमच्या लक्षात येतं आहे ना मी काय केलं? पोरीच्या पोटात दुखत होतं म्हटल्यावर पुढं कोण विचारणार? दौलतदादांनी मान खाली घातली. बापानं खाकरून दुसरीकडं पाहिलं. बापासमोर, परक्या माणसासमोर, तिनं त्यावर काय बोलायचं? 'नाही, माझं पोट चांगलं होतं' म्हणायचं? आमच्या घरात त्या काळी ते शब्द उच्चारता येत नव्हते. हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मी तो डाव टाकला. तिच्या गळ्याची शपथ होती, ती एक गोष्ट. पण शपथेवर मी अवलंबून राहिलो नाही. तिचं तोंड मी दुसऱ्याही बाजूनं शिवून टाकलं.

दौलतदादा उठले. "असू दे, पोरी," म्हणाले, "ट्रकातबी मानूस लागते." ते गेल्यावर बाप बराच वेळ चऱ्हाट वळत राहिला. मग माझ्याकडे न पाहता, तिच्याकडेही न पाहता म्हणाला, "जिले कारंज्याहून येववलं नाई, ते रोज शाळेत कशी जाईन? बायकांचा जीव हाय. माहं मन आधीच सांगत होतं."

नोकरी तिथंच गेली. त्या वाक्यात. मी दौलतदादांशी खोटं बोललो, ते बापाच्या कानावर पडलं आणि बापाला जी एकच शंका होती तिचं उत्तर मी त्याला आयतं दिलं. शप्पथ सांगतो, बोलताना मला ते सुचलं नव्हतं. पण पुढच्याच क्षणी मला ते समजलं होतं. आणि मी गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर तिनं मला गाठलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, मीही ओरडलो असतो. म्हणाली, "नागपूरचं जाऊ दे. नोकरीपुरतं तरी बाबाले खरं सांग. मी शपथ घेतली, मले बोलता येत नाई. तू सांग." मी म्हणालो, सांगतो. नागपूरहून आल्यावर सांगतो, आता सांगितलं तर दादा मला काढतील. ती म्हणाली, "बरं." घागर उचलून गेली.

तर मी नागपूरला सायकलीवर गेलो. वच्छला मागं ट्रकात, पिठाच्या पोत्यावर. तिची सायकल दौलतदादांनी सोबत टाकून घेतली होती, मोडतोड झाली तर कामी येईल म्हणून. तळेगावच्या पुढं माझं पुढचं चाक खड्ड्यात गेलं आणि रिम वाकली. दादा म्हणाले, लेडीजचं चाक बसतं का पाहा. बसलं. चाक ट्रकातून तिनंच खाली दिलं, दोन्ही हातांनी. मी घेतलं. या वेळी मी साखळी धरली नाही, कारण ट्रकाच्या फळीशी ती बसलेली होती आणि तिचं तोंड रस्त्याकडं होतं. तुम्हाला वाटेल ती मला पाहत होती. मला तर वाटतं ती रस्ताच पाहत होती.

नागपूरच्या अलीकडं विहिरीवर आंघोळी झाल्या. पांढऱ्या कपड्यांचं गाठोडं तिनं सोडलं, नावं घेऊन घेऊन प्रत्येकाचा सदरा दिला. माझाही दिला. तिनंही पांढरं पातळ नेसलं, निऱ्यांना टाचण न लावता, आणि पुन्हा ट्रकात चढली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसांचा पूर होता. आम्हा सायकलवाल्यांना लोक वाट करून देत होते, पाणी देत होते. एका म्हातारीनं माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. मला रडू आलं. लोकांना वाटलं श्रद्धेनं आलं.

परतल्यावर सांगायचं होतं. परतलो तर दौलतदादांनी गावात सत्कार ठेवलेला, हार घातले. हार घातलेल्या दिवशी कसं सांगणार? म्हटलं, उद्या. मग बाप दोन दिवस तापानं पडला. आजारी माणसाला कशाला? मग कापसाची वेचणी, मग दिवाळी. रोज सकाळी वच्छला चहाची कपबशी माझ्यासमोर ठेवायची आणि थोडा वेळ तिथंच उभी राहायची. पुन्हा तिनं विचारलं नाही. नुसती उभी राहायची. दिवाळी उलटली आणि बापानं शाळेला नकार कळवला. पोस्टात पत्र टाकायला मला पाठवलं. मी टाकून आलो. त्या दिवसापासून ती कपबशी ठेवून लगेच आत जायला लागली.

उन्हाळ्याआधी तिचं लग्न झालं, शेलूबाजारकडच्या एका घरात. जावई वाईट नव्हते. शेतीचं घर, हाताला काम भरपूर. सायकल बापानं विकून टाकली. शिकलेली पोरगी जन्मभर निंदायला, वेचायला गेली. मला पुढच्याच वर्षी कारकुनाची नोकरी लागली, मी ती तीस-पस्तीस वर्षं केली, पेन्शन खातो. साहेबांशी बोलून बोलून माझी भाषा सरळ झाली, तुम्ही पाहताच आहात. तिची अजून तशीच आहे. बाप जाताना मला म्हणाला होता, वच्छीकडं लक्ष दे, जिवानं नाजूक आहे. तेव्हाही मी हो म्हणालो. मरणाऱ्या माणसाजवळ, ती खोलीत नसताना, एक वाक्य बोलायचं होतं. बोललो नाही.

आम्ही बोलत नाही असं नाही हो. राखीला येते, भाऊबीजेला मी जातो. सगळं रीतसर. माझ्या बायकोच्या आजारपणात महिनाभर येऊन राहिली, तिचं सगळं केलं. पण त्या पावसाळ्याबद्दल आमच्यात एक शब्द झालेला नाही. ती काढेल या भीतीनं मी कित्येक वर्षं तिच्याजवळ एकटा बसायचं टाळलं. नंतर नंतर मलाच वाटू लागलं की तिनं काढावं. तिनं काढलं नाही.

गेल्या हिवाळ्यात तिच्या मुलाकडं कारंज्याला गेलो होतो. तिची नात पुण्याहून आली होती, नोकरी करते. तिनं गिअरची सायकल घ्यायची ठरवली होती. पंधरा-वीस जणांचा गट सायकलीनं लांब कुठंतरी जाणार, मागून बॅगा घेऊन गाडी येणार, पाणी, औषधं, सगळं त्या गाडीत. दमलं की गाडीत बसायची सोय. ती मोबाइलवर एकेक सायकल दाखवत होती, फ्रेम कोणती, उंचीला कोणती बसते. वच्छला चष्मा लावून पाहत होती. आता तिचे गुडघे गेलेत, उठताना भिंत धरते. बोट लावून म्हणाली, "हे. हेची उंची तुले बसन." पोरीला गंमत वाटली. म्हणाली, "आजी, तुला काय कळतं गं त्यातलं? तू चालवायचीस का?"

मी समोर खुर्चीवर होतो. हातातला चहा तसाच धरून बसलो. वाटलं, आता. आता ती सांगेल, आणि मी सुटेन.

वच्छला शेंगा सोलत होती. सोलता सोलताच हसून म्हणाली, "मले कुठची जमते बाई सायकल. एकदा गेलती कारंज्याले. येताना पोटात दुखलं, ट्रकात बसून आली. विचार तुह्या आबाले, हा होता संग."

तिला आता ते खरंच तसं आठवतं? इतक्या वर्षांत सगळ्यांनी तसंच म्हटलं म्हणून तिच्याही मनात ते तसंच बसलं? की शपथ घेतली ती अजून पाळते आहे, स्वतःच्या नातीसमोरही? मी तिच्या तोंडाकडं पाहिलं. काही कळलं नाही. ती शेंगाच सोलत होती.

पोरगी माझ्याकडं वळली. म्हणाली, "खरंच, आबा?"

मी म्हणालो, "हो. पोटात दुखत होतं तिच्या."